मावशीची दोन बोटं

माझी मावशी विमानांना कापड शिवायची. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, विमानाला कापड कशाला? जुन्या छोट्या विमानांचे पंख म्हणजे लाकडी फासळ्यांवर ताणलेलं कापडच असतं. ते फासळीफासळीला हातानं शिवायचं, वरून डोप नावाचं वॉर्निश फासायचं, मग ते सुकताना आवळत जातं आणि टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजतं. मावशीच्या हातची गाठ सुटल्याचं मी कधी ऐकलं नाही. माणसांशी मात्र तिची एकही गाठ टिकली नाही. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला. वर नाही, दुसऱ्या गावी. त्याच्याबद्दल विचारलं की ती एवढंच म्हणायची, "त्याला पाय नव्हते."

याचा अर्थ मला पुढे कळला. जुनं विमान हातांनी कमी आणि पायांनी जास्त चालतं. शेपटीचं उभं पातं पायातल्या पेडलांनी हलतं, आणि ज्याचे पाय झोपलेले, तो सरळ रेषेत धावूसुद्धा शकत नाही. मावशीनं जगाची विभागणी तेवढ्यावरच केली होती: पाय असलेले आणि पाय नसलेले. पाय असलेले तिला आयुष्यात चार भेटले. त्यातले दोन मेलेले होते.

उडायला ती सव्विसाव्या वर्षी शिकली. फ्लाइंग क्लबातल्या म्हाताऱ्या मास्तरांच्या विमानाचं कापड फाटलं होतं. तिनं ते शिवून दिलं आणि बदल्यात शिकवणी मागितली. मास्तर हसले. दीड वर्षानं ते हसायचे थांबले, आणि पाच वर्षांनी क्लबातली सगळी विचित्र विमानं उडवू शकणारी ती एकटीच उरली. एका विमानाचं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करायची दांडी, उलटं होतं, जास्त शक्ती हवी तर ढकलण्याऐवजी ओढायचं. एकाला ब्रेक फक्त डाव्या टाचेखाली होता. एक विमान उजवीकडे सुरेख वळायचं आणि डावीकडे वळायचं म्हटलं की भांडायचं. सासूला सुनांच्या खोडी पाठ असाव्यात तशा मावशीला प्रत्येकाच्या खोडी पाठ होत्या.

त्या विमानांचे मालक म्हणजे पैसा झालेले आणि पोट सुटलेले पुरुष. कुणी टाइल्स विकायचा, कुणी वकील, कुणी विमान कंपनीतून निवृत्त झालेला कॅप्टन. जुनं विमान घ्यायचं, चामड्याचं जाकीट घालून त्याच्या पंखाला टेकून फोटो काढायचा, आणि मग मावशीकडे येऊन हळूच म्हणायचं, "बाई, एक फेरी मारून बघता का जरा? इंजिन नीट आहे ना, एवढंच." मावशी फेरी मारायची, उतरायची, हातमोजे खिशात घालायची आणि म्हणायची, "विमान नीट आहे. तुम्ही नाही."

मी तिच्याकडे बत्तिसाव्या वर्षी कामाला लागले. शर्टांच्या कारखान्यातून मला काढलं होतं, हातात शिवण होती आणि तोंड मावशीसारखंच होतं. हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, मागच्या लांबट खोलीत आम्ही दोघी पंखाच्या दोन बाजूंना बसायचो. ती इकडून सुई घालायची, मी तिकडून परत पाठवायची. टाके घालता घालता आम्ही क्लबातल्या एकेकाची साल काढायचो. ते दिवस मजेचे होते, हे कबूल करायला हवं. दुसऱ्याला तुच्छ लेखण्यात एक ऊब असते, आणि त्या पत्र्याच्या खोलीत दुसरी ऊब नव्हतीच.

अशा दिवसांत दातवाला आला.

तो दातांचा डॉक्टर होता, एक्कावन्न वर्षांचा. केस विरळ, आवाज मऊ, हात धुऊन धुऊन पांढरे पडलेले. पेट्रोल तपासायलासुद्धा तो रबरी हातमोजे घालायचा. दारातून आत यायच्या आधी "येऊ का?" विचारायचा आणि आत आल्यावर "सॉरी" म्हणायचा. एकदा पंखाखालून जाताना त्याचं डोकं आपटलं, तर तो विमानाला सॉरी म्हणाला. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मला हसू दाबायला कापडात तोंड खुपसावं लागलं.

त्यानं टिटवी विकत घेतली होती, आणि ती उडवायला त्याला मावशी शिकवणार होती. टिटवी हे त्या विमानाला आम्ही ठेवलेलं नाव. काड्यांसारखे उंच पाय, छोटं अंग, एकापाठी एक अशा दोन जागा आणि शेपटीखाली चाक. तिचा जुना मालक वारला आणि त्याच्या मुलांनी ती जुनं कपाट काढून टाकावं तशी काढून टाकली.

क्लबातल्या सगळ्या विमानांत टिटवी सगळ्यात हट्टी होती. तिचा नाकावरचा पंखा इतरांच्या उलट दिशेनं फिरायचा, त्यामुळे बाकीची विमानं धावताना डावीकडे ओढ घेत असतील तर ही उजवीकडे पळायची. वीस वर्षं उजवा पाय दाबायची सवय असलेला माणूस हिच्यात बसला की पहिल्या दहा सेकंदांत कुंपणाकडे निघायचा. वेग कमी झाला की पंखांच्या पुढच्या काठाच्या पट्ट्या आपोआप बाहेर पडायच्या, दार आपटल्यासारखा आवाज करून. त्या दोन्ही बाजूंनी एकदम पडल्या तर ठीक. पण कधी कधी डावी आधी पडायची आणि उजवी मागून. मग विमान एका अंगावर कलायचं. त्या वेळी हातातला दांडा हलवून ते सावरायला गेलं की आणखी कलायचं. सावरायचं ते पायानं. गती दाखवणारी तबकडी इतरांसारखी सागरी मैलांची नाही, किलोमीटरची, आणि तिचा काटा नव्वदच्या खाली गेला की अंदाजानं बोलायचा.

पण खरी खोड उतरताना होती. उतरताना सगळे वैमानिक जमिनीजवळ आले की थ्रॉटल पूर्ण मागे ओढतात आणि इंजिन मंद करून अलगद टेकतात. टिटवीचं तसं चालायचं नाही. तिची शेपटी आखूड. पंख्याचा वारा शेपटीवर येतोय तोवरच ती शेपटी जिवंत. थ्रॉटल पूर्ण बंद केलं की शेपटी मरायची, दांडा कितीही पोटाशी ओढला तरी नाक वर राहायचं नाही आणि विमान तोंडावर पडायचं. मागच्या जागेवर कुणी बसलेलं नसेल तर आणखीच लवकर. म्हणून चाकं टेकेपर्यंत इंजिनात थोडी धुगधुगी ठेवायची. बोटभर. एवढंच. सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

मावशीनं हे दातवाल्याला सांगितलं नाही.

विसरली असं नाही. त्याच्याकडे पुढे चाक असलेल्या नव्या विमानाचा परवाना होता. तसली विमानं मावशीच्या लेखी बाबागाड्या. पहिल्या दिवशी त्यानं टिटवी उजवीकडच्या गवतात नेली, दुसऱ्या दिवशीही नेली, तिसऱ्या दिवशी "सॉरी" म्हणत नेली. तेव्हाच मावशीनं ठरवून टाकलं की याला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आता टिटवीत शिकणारा पुढे बसतो आणि शिकवणारा मागे. थ्रॉटल दोघांकडे असतं, एकाच सळईला जोडलेलं. मावशीनं सोपी वाट काढली. तो उतरायला लागला की ती आपल्या थ्रॉटलच्या मागे दोन बोटं अडकवायची. तो पुढून पूर्ण मागे ओढायचा, पण थ्रॉटल तिच्या बोटांवर येऊन थांबायचं. त्याला वाटायचं, दांडी इथंच संपते. विमान अलगद टेकायचं, जमिनीवर थ्रॉटल मावशी स्वतःकडे घेऊन इंजिन मंद करायची, आणि तो मागे वळून, कानाच्या पाळ्या लाल करून विचारायचा, "कसं झालं?"

"बरं झालं," मावशी म्हणायची.

मग संध्याकाळी खोलीत सुईत दोरा ओवताना मला सांगायची, "दातवाल्याला वाटतं तो उतरवतो. माझी दोन बोटं उतरवतात." आणि दोन बोटं वर करून दाखवायची. मी इतकी हसायची की माझा टाका चुकायचा. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला माहीत होतं. त्यात काही चूक आहे असं तेव्हा मलाही वाटलं नाही.

असं सात आठवडे चाललं. दातवाला दर बुधवारी दवाखाना बंद ठेवून यायचा. येताना एक वही आणायचा. तिच्यात त्यानं आठवडाभर सुचलेले प्रश्न आकडे घालून लिहिलेले असायचे. मावशीला त्या वहीचा विलक्षण राग होता. "पुस्तकात पोहायला शिकणारे," ती म्हणायची.

आठव्या बुधवारी वहीत अकरा प्रश्न होते. दोन फेऱ्या झाल्या, दोनदा विमान अलगद उतरलं. तिसऱ्यांदा उडायच्या आधी त्यानं मागे वळून विचारलं. मी कुंपणाशी पेट्रोलचा कॅन घेऊन उभी होते, इंजिन मंद चालू होतं, मला स्पष्ट ऐकू आलं.

"बाई, उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद केलं तरी इंजिनचा आवाज जरा जास्तच वाटतो. आत्ता उभे आहोत तेव्हा याहून कमी आहे. असं का?"

त्यानं ते पकडलं होतं. सात आठवडे पाय न सापडलेल्या माणसाच्या कानांनी ते बरोबर पकडलं होतं. मावशीला आनंद व्हायला हवा होता. तिचा चेहरा मात्र आंबट झाला.

"तुम्ही आवाज ऐकायला येता की उडवायला?"

"नाही, म्हणजे सहज..."

"प्रश्न पुरे झाले." तिनं पट्टा सोडला, दार उघडलं आणि खाली उतरली. "एकटे जा. एक फेरी मारा आणि या."

तो पांढरा पडला. "आज? एकटा?"

"का, सोबत आजी हवी?"

तो गेला. उडताना उजवीकडे ओढ आली तेव्हा त्यानं डावा पाय वेळेवर दिला, हे मी पाहिलं. मावशीनंही पाहिलं. हात मागे बांधून उभी होती. त्यानं मैदानाभोवती चौकोन काढला, ओळीत आला, उंची बरोबर, वेग बरोबर. कुंपण ओलांडलं. दोन पुरुष उंचीवर आला, आणि मग त्यानं सात आठवडे करत होता तेच केलं. थ्रॉटल मागे ओढलं.

या खेपेला मागे बोटं नव्हती.

इंजिनचा आवाज एकदम गेला, आणि तेव्हा मावशीच्या तोंडून "अरे" असं काहीतरी निघालं. टिटवीनं नाक खाली केलं. चाकं इतक्या जोरात आपटली की एक पाय मुडपला. पंखा जमिनीत घुसला, शेपटी वर गेली, वर राहिली, आणि मग सावकाश, कुणीतरी चादर उलटावी तशी ती पलीकडे पडली. टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात, आभाळ पडलं तर तोलून धरायला. आमची टिटवी तशी गवतात पडली होती, काड्यांसारखे पाय आभाळाकडे करून.

एकसष्टाव्या वर्षी मावशी इतकी धावेल असं मला वाटलं नव्हतं. मी पोचले तेव्हा ती गुडघ्यांवर बसून वाकली होती. आत दातवाला पट्ट्याला उलटा लटकत होता. नाकातून रक्त कपाळाकडे चाललं होतं. त्याचा डावा हात थ्रॉटलवर होता, आणि तो हात ते मागे-पुढे करत होता. शांतपणे, जसा एखादा सैल दात हलवून बघावा.

"आणखी मागे जातंय," तो म्हणाला. मावशीकडे उलट्या डोळ्यांनी बघत म्हणाला. "कधीच इतकं मागे जायचं नाही."

मावशीनं पेट्रोलचा नळ बंद केला. त्याच्या खांद्याला हात घातला, मला म्हणाली, "पट्टा काप."

त्याच्या खांद्याचं पुढचं हाड मोडलं होतं. टिटवीचा पंखा, एक पाय, डोक्यावरचा आख्खा पंख आणि शेपटीचा अर्धा भाग गेला होता.

दहा दिवसांनी समितीची बैठक भरली. क्लबाच्या खोलीत, लांब टेबलाभोवती. अध्यक्ष म्हणजे तो टाइल्स विकणारा. टिटवीत तो कधी बसलाही नव्हता, पण टिटवीबद्दल त्याला सगळं माहीत होतं. त्याच्या शेजारी विमान कंपनीतून निवृत्त झालेले ते मोठे कॅप्टन, आयुष्यभर दोनशे माणसांची विमानं चालवलेले. मागच्याच वर्षी एका जुन्या विमानात बसून त्यांनी कुंपणाची तीन लाकडं पाडली होती आणि वाऱ्याला दोष दिला होता. मोडलेल्या भागांची यादी घेऊन मला बोलावलं होतं, म्हणून मी भिंतीशी बसले होते. मावशी टेबलाच्या टोकाला. दातवाला समोर, हात गळ्यात.

मोठे कॅप्टन म्हणाले, "प्रश्न एकच आहे. या विमानात थ्रॉटल पूर्ण बंद करायचं नसतं, ही गोष्ट तुम्हाला शिकवताना सांगितली गेली होती की नव्हती?"

सांगितली नव्हती, असं निघालं असतं तर मावशीचा शिकवण्याचा परवाना गेला असता. कॅप्टनना तेच हवं होतं. "विमान नीट आहे, तुम्ही नाही" हे वाक्य त्यांनाही एकदा ऐकावं लागलं होतं.

दातवाल्यानं चष्मा काढला, एका हातानं शर्टाला पुसला, परत घातला.

"बाईंनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "दोनदा. मी ऐन वेळी विसरलो."

"दोनदा?"

"एकदा जमिनीवर, एकदा हवेत."

इतक्या सराईतपणे तो खोटं बोलला की मी क्षणभर आठवून पाहिलं, खरंच सांगितलं होतं का. मी मावशीकडे पाहिलं. ती टेबलाच्या लाकडातल्या गाठीकडे बघत होती. 'वैमानिकाचा निष्काळजीपणा' असं इतिवृत्तात गेलं. कॅप्टन उघड उघड निराश झाले. अध्यक्षांनी दातवाल्याला बाबागाडीवालंच विमान चालवण्याचा प्रेमळ सल्ला दिला आणि सगळे चहाला गेले.

त्यानंतर आठ दिवस मावशी खोलीत बसून एकच सहा फुटांची शिवण घालत होती आणि उसवत होती. क्लबातल्या कुणाची साल काढणं बंद. मी एकदा अध्यक्षांची नक्कल करून पाहिली, तर म्हणाली, "काम कर."

नवव्या दिवशी तिनं कोट घातला. "चल," म्हणाली.

दातवाल्याचा दवाखाना एका चष्म्याच्या दुकानावर होता. अरुंद जिना, काचेचं दार, लवंगेचा वास. हात गळ्यात असल्यामुळे रोगी नव्हते, तो एकटाच बसून अवजारं पुसत होता. आम्हाला पाहून त्यानं सवयीनं खुर्चीकडे हात केला आणि मावशीही सवयीनं जाऊन खुर्चीत बसली. वरचा मोठा दिवा तिच्या तोंडावर. तसं बसून कुणाशी भांडता येत नाही, हे तिच्या बसल्यावर लक्षात आलं असावं.

"खोटं का बोललात?" तिनं विचारलं.

"खरं बोललो असतो तर तुमचा परवाना गेला असता."

"मग जाऊ द्यायचा होता. मला उपकार नकोत."

"उपकार?" तो पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलला. "मला टिटवी शिकायची आहे. ती येणारं माणूस सगळ्या क्लबात एक. तुम्हाला काढलं तर मला शिकवणार कोण, ते कॅप्टन?"

मला वाटतं त्या क्षणी तिला तो माणूस प्रथमच थोडासा आवडला.

तो पुढे बोलत राहिला, पुसून झालेलं अवजार परत पुसत. "सात आठवडे मी घरी जाऊन बायकोला सांगत होतो, आज छान उतरवलं. सात आठवडे. तुम्ही वैमानिक फार चांगल्या आहात, बाई. पण मास्तर म्हणून भिकार आहात. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरीचा हात मी असा मागून धरून दात काढला असता आणि तिला सांगितलं असतं की तू काढलास, तर पुढच्या माणसाचा जबडा मोडला असता. एवढी साधी गोष्ट आहे. ती तुम्हाला कळली नाही असं नाही. तुम्हाला मी त्या लायकीचा वाटलो नाही."

आयुष्यात कुणी मावशीशी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ते 'सॉरी'वाल्या आवाजातच बोललं गेलं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मला वाटलं आता ती उठेल. ती उठली नाही. दिव्याखाली डोळे बारीक करून बसून राहिली.

"दिवा बंद करा," शेवटी म्हणाली. मग म्हणाली, "पंखाच्या फासळ्या तेवढ्या नव्या करून द्या कुणाकडून तरी. कापड आम्ही चढवतो."

साडेसहा महिने लागले. फासळ्या एका खुर्च्या करणाऱ्या सुतारानं केल्या, कापड आम्ही चढवलं. हात बरा झाल्यावर दातवाला बुधवारी येऊन आमच्या खोलीत बसायला लागला. त्याला टाका शिकायचा होता. सुई मात्र त्याच्या हातात अशी चालायची की मावशीला बोलायला जागाच मिळेना. हिरड्या शिवणारा माणूस, त्याला कापडाचं काय. मावशी त्याचे टाके उसवायला कारण शोधायची आणि सापडत नसे. त्यामुळे तिचा मूड फार वाईट असायचा.

पुन्हा उडायची वेळ आली तेव्हा त्यानं खिशातून दात तपासायचा छोटा गोल आरसा काढला आणि तारेनं समोरच्या काचेच्या चौकटीला बांधला. पुढच्या जागेवरून त्याला मागे बसणारीचे हात दिसतील असा फिरवला.

"हे काय?" मावशी म्हणाली.

"तुमचे हात दिसले पाहिजेत."

"हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे हातालाच आरसा."

"हो," तो म्हणाला. आणि सॉरी म्हणाला नाही.

अपमानानं मावशीचे कान तापले होते, पण ती मागे बसली. दोन्ही हात उचलून डोक्यावरच्या नळीला धरले, बसमध्ये उभं राहिल्यासारखे. तसे हात वर ठेवून तिनं त्याला शिकवलं. पहिल्या दिवशी टिटवी तीनदा आपटली, नशीब की हलकी. दुसऱ्या बुधवारी उड्या मारत उतरली. मावशी मागून ओरडायची, "धुगधुगी! मेलीस का गं शेपटे! बोटभर ठेवा, बोटभर!" आणि हात मात्र वरच. उतरल्यावर तो विचारायचा, "कसं झालं?" आणि ती म्हणायची, "घाण." पाचव्या महिन्यात म्हणाली, "कमी घाण." त्या दिवशी तो क्लबाच्या खोलीत जाऊन कुणाकुणाला ते सांगत सुटला, कुणाला काही कळलं नाही.

तो एकटा गेला त्या दिवशी वारा आडवा होता. डावी पट्टी आधी पडली, विमान कललं, त्यानं हात स्थिर ठेवला आणि पाय दिला. थोडं वाकडं, थोडं लांब, पण उभं उतरलं. मावशी माझ्या शेजारी उभी होती. तिचे हात कोटाच्या खिशात होते आणि खिसे आतून हलत होते.

त्याच संध्याकाळी तिनं क्लबाचं उड्डाणांचं रजिस्टर उघडलं, अपघाताच्या पानावर गेली आणि शेऱ्याच्या रकान्यात मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं: 'शिकवणारीनं खोड सांगितली नव्हती. सात आठवडे मागून थ्रॉटल अडवून ठेवलं होतं. दोष शिकवणारीचा.' खाली सही केली. मी म्हटलं, "मावशी, परवाना जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे."

गेला नाही. वर्षाअखेरीस समितीनं रजिस्टर तपासलं. त्या पानाखाली अध्यक्षांची सही आहे, मोठ्या कॅप्टनांची आहे, 'तपासले' असा शिक्का आहे. वाचलं कुणीच नाही. पुढची सात वर्षं ते पान तिथंच होतं. दरवर्षी सह्या पडत गेल्या. मावशी दर वर्षी वाट बघायची आणि दर वर्षी तिचं त्या मंडळींबद्दलचं मत आणखी खाली जायचं. तिथे अजून खाली जागा आहे हे पाहून तिलाच आश्चर्य वाटायचं.

अडुसष्टाव्या वर्षी तपासणीत तिच्या डोळ्यांनी दगा दिला आणि एकटीनं उडणं बंद झालं. आता हवेत शिकवता येत नाही म्हणून ती जमिनीवर शिकवते. दातवाला तिला बुधवारी मागच्या जागेवर बसवून नेतो. त्याचं उतरणं आजही तिला पसंत नाही. "उतरवतो कसला, ठेवतो," म्हणते. उंची, वेग, वळण, सगळ्याला नाव ठेवते आणि पुढच्या बुधवारी दोन वाजायच्या आधी कोट घालून बसते.

नव्यानं कुणी जुनं विमान घेतलं की त्याला आधी आमच्या खोलीत यावं लागतं. मावशी त्याला पंखाशेजारी स्टुलावर बसवते आणि बोलायला लागते. पंखा कुठल्या दिशेला फिरतो, विमान कुठे ओढतं, कुठला पाय, कधी पाय, शेपटी कधी मरते, पट्ट्या कशा पडतात. दोन-दोन तास. एकदा सांगितलेलं परत सांगते. ऐकणारा कंटाळतो, घड्याळ बघतो, एक वकील तर परवा चक्क पेंगला. मी पलीकडून सुई सरकवताना त्याच्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. ती मधेच थांबली होती.

"कळलं, बाई," वकील सावरून म्हणाला. "सगळं कळलं."

"काय कळलं ते सांगा," मावशी म्हणाली, आणि त्याला धड काही सांगता येईना तेव्हा तिनं स्टूल जवळ ओढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.